घरगुती डिस्क प्लेअर : चित्र व ध्वनीच्या दर्जाविषयी मालकांची मते आणि त्यांचा अर्थ

प्रस्तावना

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचे रबाळे हे मूळचे ठाणे खाडीच्या परिसरातील गाव. १९६०च्या दशकात येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत उभी राहू लागली, १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने भोवताली नवे शहर वसविले आणि २००४ साली ठाणे-वाशी लोहमार्ग प्रवाशांसाठी खुला झाला. याच सुमारास गावठाणातील घरांत, चाळींतील खोल्यांत आणि सिडकोच्या सदनिकांत टीव्हीखालच्या फळीवर एक चपटी पेटी येऊन बसली. आधी ती व्हीसीडी प्लेअर होती, पुढे डीव्हीडी प्लेअर झाली. पेटीबरोबर मतेही आली. ‘चित्र काचेसारखे स्वच्छ’, ‘आवाज दबका’, ‘पहिले वर्ष छान चालला, मग अडकू लागला’, ‘कंपनीच्यापेक्षा असेंबल्ड बरा, काहीही टाका, वाचतो’ अशी ही मते शेजाऱ्यापाजाऱ्यांत, दुकानाच्या काउंटरवर आणि दुरुस्तीवाल्याच्या टेबलाशी सर्रास ऐकू येत. नव्या ग्राहकाची खरेदी बहुधा त्यांवरच ठरे.

ही मते अडाणीपणाची म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, पण ते योग्य नव्हे. मालक जे पाहतो व ऐकतो ते खरेच असते. अडचण निराळीच आहे. पडद्यावर दिसणारे चित्र हे तबकडी, प्लेअर, केबल, टीव्ही, खोली आणि पाहणाऱ्याचे अंतर या साऱ्या साखळीचे फलित असते. मालक मात्र त्या सर्वांचे श्रेय वा दोष एकट्या पेटीच्या माथी मारतो, कारण पैसे पेटीचे मोजलेले असतात. शिवाय चित्र आणि ध्वनी या दोन स्वतंत्र बाबींविषयी तो एकच निकाल देतो. या दोन गोंधळांमुळे पूर्वी चुकीच्या खरेद्या झाल्या. आज त्यांचा परिणाम अधिक गंभीर आहे, कारण ‘दर्जा खराब’ या एका शेऱ्यावर घराघरांतील लग्नकार्यांच्या तबकड्या कचऱ्यात जात आहेत. कोणते मत साखळीतील कोणत्या कडीविषयी बोलते, हे उलगडून दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

तबकडीवर मुळात काय असते

१९९३ साली निश्चित झालेल्या व्हिडिओ सीडीच्या मानकानुसार पाल पद्धतीतील चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचे असते. सेकंदाला २५ चित्रे आणि चित्रासाठी सेकंदाला सुमारे ११५० किलोबिट एवढीच माहिती त्यात बसते. एका तबकडीवर सुमारे ७४ मिनिटे मावत असल्याने हिंदी वा मराठी चित्रपट दोन-तीन तबकड्यांचा होई आणि मध्यंतराखेरीज आणखी एखाद्या ठिकाणी उठून तबकडी बदलावी लागे. १९९६ साली जपानमध्ये बाजारात आलेल्या डीव्हीडीचे पाल चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे, म्हणजे बिंदूंच्या संख्येने सुमारे चौपट. एकपदरी डीव्हीडीची क्षमता ४.७ गिगाबाइट असून चित्रासाठी सेकंदाला ९.८ मेगाबिटपर्यंत माहिती देता येते.

‘देता येते’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मानक केवळ कमाल मर्यादा सांगते. निर्मात्याने ती वापरावी असे बंधन नसते. तीन चित्रपट एकाच डीव्हीडीत कोंबलेले असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारी माहिती इतकी घटते की धावपळीच्या दृश्यात पडदा चौकटी-चौकटींचा दिसू लागतो. मोझर बेअर कंपनीने २००७च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांत व डीव्हीडी ३४ रुपयांत विकण्यास प्रारंभ केला, तेव्हा अधिकृत तबकडी प्रथमच पदपथावरील चोरट्या प्रतीच्या किमतीच्या जवळ आली. तत्पूर्वी अनेक घरांत प्लेअर चांगल्या कंपनीचा आणि तबकड्या मात्र चोरट्या, असा प्रकार असे. चित्रपटगृहात चोरून टिपलेल्या प्रतीवरून प्लेअरच्या दर्जाचा निवाडा करणे म्हणजे फाटक्या पुस्तकावरून चष्म्याचा नंबर ठरविणे होय. (तबकड्या स्वस्त करणाऱ्या या कंपनीची २०१८ साली अवसायनात रवानगी झाली. तोवर तबकडीचा बाजारही ओसरला होता.)

पेटीच्या आत

प्लेअरच्या आत मुख्य भाग तीन : तबकडी फिरवून लेसरच्या साहाय्याने वाचणारी यंत्रणा, वाचलेल्या आकड्यांचे चित्र-ध्वनीत रूपांतर करणारी चिप आणि वीजपुरवठ्याचे सर्किट. लेसरच्या भागाला बाजारात ‘लेन्स’ म्हणत, आणि ‘लेन्स गेली’ हे दुरुस्तीवाल्याचे निदान घरोघरी परिचयाचे होते. निरनिराळ्या नावांच्या पेट्यांत सोनी वा सान्यो बनावटीची लेन्स आणि मीडियाटेक, सनप्लस यांसारख्या मोजक्याच कंपन्यांच्या चिप आढळत. लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन जोडलेला ‘असेंबल्ड’ प्लेअर आणि नामांकित कंपनीचा प्लेअर यांच्यातील अंतर त्यामुळे किमतीतील अंतराएवढे मोठे असेलच असे नव्हते. फरक असे तो बहुतांशी वीजपुरवठ्याच्या सर्किटात, जोडणीच्या नेटकेपणात आणि विक्रीनंतरच्या सेवेत.

अंकीय यंत्रणेचा एक गुणधर्म येथे ध्यानात घ्यावयास हवा, कारण बहुतेक गैरसमजांचे मूळ त्यात आहे. कॅसेटची फीत झिजली की चित्र हळूहळू फिके व आवाज खरखरीत होतो. तबकडीचे तसे होत नाही. तिच्यावर माहितीबरोबर चुका दुरुस्त करणारे जादा आकडे नोंदलेले असतात. ओरखडा वा धूळ यांमुळे काही आकडे वाचता आले नाहीत, तरी ते या जाद्या आकड्यांवरून तंतोतंत काढता येतात. चुका मर्यादेत आहेत तोवर चित्र नव्यासारखेच राहते आणि मर्यादा ओलांडली की एकदम चौकटी फुटतात, चित्र थिजते, आवाज तुटतो. यावरून तक्रारीच्या प्रकारानुसार दोषाची जागा सांगता येते. ‘चित्र अडकते’ ही तक्रार तबकडीची किंवा लेन्सची. ‘रंग फिके पडले’ ही तक्रार मात्र जुनी झालेली तबकडी वा थकलेली लेन्स यांची असणे जवळजवळ अशक्य. ती टीव्हीच्या ट्यूबची, पिनेची वा बदललेल्या सेटिंगची होय. लेन्स बदलून रंग सुधारतील या आशेने खर्चिलेले पैसे वाया गेले असणार, हे यावरून उघड आहे.

चित्राविषयीची मते

प्लेअर टीव्हीला जोडण्याची सर्वांत रूढ रीत म्हणजे पिवळी पिन. या एकाच तारेतून उजेडाची आणि रंगाची माहिती मिसळून जाते आणि टीव्ही ती पुन्हा वेगळी करू पाहतो. हे काम कधीच पूर्ण साधत नाही. म्हणून बारीक रेघांच्या साडीवर नसलेले इंद्रधनुषी रंग नाचतात आणि ठळक रंगाच्या कडांवर ठिपके सरकताना दिसतात. त्याच पेटीच्या मागे हिरवी-निळी-लाल अशी तीन पिनांची जागा असे. टीव्हीला तशी सोय असल्यास तीच पेटी स्वच्छ चित्र देई. दोन मालकांची एकाच प्लेअरविषयी परस्परविरुद्ध मते असण्यास एवढे एक कारणही पुरे होते.

पेटीचा स्वतःचा दोष कधीच नसे, असे मात्र नव्हे. डीव्हीडीवर रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाव्याने नोंदलेली असते व चिपला ती वाढवून घ्यावी लागते. अनेक प्लेअर हे काम चुकीच्या रीतीने करीत आणि लाल वस्तूच्या तिरप्या कडेवर आडव्या रेघांचे दाते दिसत, हे २००१ साली अमेरिकेतील समीक्षकांनी सप्रमाण दाखवून दिले. महागडे प्लेअरही त्यातून सुटले नव्हते. मौज अशी की, हा खराखुरा दोष सामान्य मालकांच्या तक्रारीत सहसा येत नसे. लहान पडद्यावर पिवळ्या पिनेचे दोष इतके ठळक असत की त्यांच्या आड चिपचा दोष झाकून जाई.

काही तक्रारी तर दोषाच्या नव्हत्याच. ‘माणसे लांबट दिसतात’ म्हणजे प्लेअर रुंद पडद्यासाठी लावलेला आणि टीव्ही जुन्या चौकोनी आकाराचा. ‘चित्र काळेपांढरे येते, वर सरकते’ म्हणजे प्लेअर एनटीएससी पद्धतीवर आणि टीव्ही केवळ पाल जाणणारा. रिमोटवरील ‘पी-स्कॅन’चे बटण चुकून दाबले गेल्यास जुन्या टीव्हीवर चित्र पार नाहीसे होई. ही बटणे घरातील मुलांना ठाऊक असत, मालकाला नव्हे. आणि मत मात्र मालकाचे नोंदले जाई.

आता अंतराचा हिशेब. सर्वसाधारण निरोगी डोळ्याला अंशाच्या एकसाठांशाएवढ्या कोनातील दोन रेषा वेगळ्या ओळखता येतात. एकवीस इंची जुन्या टीव्हीच्या दृश्य भागाची उंची सुमारे ३० सेंटिमीटर. त्यावर डीव्हीडीच्या ५७६ ओळी बसविल्या, तर एक ओळ अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक जाडीची होते आणि सुमारे १.८ मीटरच्या पलीकडून त्या ओळी डोळ्याला वेगळ्या दिसत नाहीत. व्हीसीडीच्या २८८ ओळींसाठी हेच अंतर ३.६ मीटर. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत भिंतीशी टेकून तीन-साडेतीन मीटरवरून पाहणाऱ्याला, म्हणून, व्हीसीडी आणि डीव्हीडी यांत फारसा भेद जाणवू नये, हे स्वाभाविक आहे. ‘व्हीसीडीच बरी, उगाच महागडी डीव्हीडी कशाला’ हे त्याचे मत त्याच्या खोलीपुरते अचूक होते.

तेच घर आज चाळीस इंची एलईडी टीव्ही घेते. पडद्याची उंची सुमारे ५० सेंटिमीटर होते आणि व्हीसीडीची एकेक ओळ पावणेदोन मिलिमीटरची बनते. तिचा ओबडधोबडपणा लपविण्यासाठी सहा मीटर दूर बसावे लागेल. दहा बाय बाराच्या खोलीत ते शक्य नाही. मालक म्हणतो, ‘सीडी जुनी झाली, पूर्वी चांगली दिसायची.’ वस्तुतः तबकडीवरील एक आकडाही बदललेला नसतो. टीव्ही बदललेला असतो.

ध्वनीविषयीची मते

ध्वनीच्या बाबतीत मतांची विश्वासार्हता आणखी घटते, कारण खोलीचा वाटा अधिक. रबाळ्यासारख्या ठिकाणी रस्त्यावरची अवजड वाहने, कारखान्यांची घरघर आणि घरातला पंखा यांचा आवाज मुळातच बराच असतो. चित्रपटाच्या डीव्हीडीवरील ध्वनी मोठ्या व शांत चित्रपटगृहाचा विचार करून बेतलेला असतो. डॉल्बी डिजिटल पद्धतीत संवादांची पातळी नेहमीच्या रीतीने कमाल मर्यादेच्या सुमारे ३१ डेसिबल खाली ठेवली जाते, म्हणजे स्फोटासारख्या आवाजांना वर जागा उरते. टीव्हीवरील वाहिन्या असा संयम पाळत नाहीत. साहजिकच वाहिनीवरून डीव्हीडीवर आले की संवाद पुटपुटल्यासारखे वाटतात, आवाज वाढवावा तर मारामारीच्या प्रसंगी शेजारी दार ठोठावतात. ‘आवाज दबका’ या मताचे हे एक मूळ.

दुसरे मूळ याहून गमतीचे. डीव्हीडीवरील सहा वाहिन्यांच्या ध्वनीत संवाद प्रामुख्याने मधल्या स्पीकरसाठी असतात. प्लेअरचे सेटिंग सहा स्पीकरांचे आणि टीव्हीला जोडलेल्या तारा मात्र दोनच, अशी स्थिती असल्यास पार्श्वसंगीत झोकात ऐकू येते आणि नायक केवळ ओठ हलवितो. रिमोटवर ‘स्टीरिओ’ निवडताच दोष जातो.

ध्वनीची जाहिरात तर ग्राहकाची दिशाभूल करण्यासाठीच जणू रचलेली होती. खोक्यावर हजारो वॅटचे ‘पीएमपीओ’ आकडे छापले जात. एखाद्या क्षणार्धाच्या कमाल शक्तीवरून, कोणतीही सर्वमान्य मापनरीत न पाळता काढलेला तो आकडा होता. सलग मिळणारी आरएमएस शक्ती त्याच्या अल्पांशाइतकी असे. पण मालकाच्या मतावर त्या आकड्याची छाप पडे.

छाप पडते हे प्रयोगांनीही दाखविले आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्याच श्रोत्यांनी तेच स्पीकर एकदा प्रत्यक्ष पाहत आणि एकदा पडद्याआडून ऐकले. स्पीकर दिसत असताना दिलेले गुण आणि न दिसता दिलेले गुण यांत स्पष्ट तफावत आढळली. २००७ साली ब्रॅड मेयर व डेव्हिड मोरान यांनी उच्च क्षमतेच्या तबकड्यांचा ध्वनी आणि तोच ध्वनी साध्या सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ मर्यादेतून काढलेला, यांतला फरक श्रोत्यांना ओळखता येतो का हे तपासले. ५५४ चाचण्यांत २७६ उत्तरे बरोबर आली. नाणेफेक करूनही तेवढीच आली असती.

तरीही कानाची साक्ष सरसकट फेटाळता येत नाही. चित्रपटाच्या फितीवर सेकंदाला २४ चित्रे असतात. पाल तबकडीसाठी तोच चित्रपट बहुधा सेकंदाला २५ चित्रांनी धावविला जातो. अडीच तासांचा चित्रपट त्यामुळे १४४ मिनिटांत संपतो आणि, खास दुरुस्ती केलेली नसल्यास, प्रत्येक स्वर अर्ध्या सुराच्या सुमारे सात दशांश एवढा चढतो. भारतीय चित्रपटांच्या अनेक डीव्हीडी मात्र एनटीएससी पद्धतीच्या निघत आणि त्यांत ही चढ नसे. पेटीवादन करणाऱ्या एखाद्याने ‘या सीडीत गाणे चढे लागते’ असे म्हटल्यास दुकानदार हसला असेल. पण त्या मताला यंत्राइतकाच भक्कम आधार होता. फक्त ते प्लेअरविषयीचे मत नव्हते, तबकडीविषयीचे होते.

मालकालाच जे कळते

प्रयोगशाळा व नियतकालिकांचे परीक्षक निर्दोष तबकडी घेऊन, थंड खोलीत, काही दिवस प्लेअर तपासत. मालक तो वर्षानुवर्षे वापरी. पारसिकच्या डोंगररांगेतील दगडखाणींची धूळ, खाडीची दमट हवा, विजेचा चढउतार आणि २००५ नंतरच्या काही वर्षांतील राज्यव्यापी भारनियमन यांत पेटी किती टिकते, हे परीक्षकाला कळणे शक्य नव्हते. ‘काहीही टाका, वाचतो’ हा शेरा वरकरणी ओबडधोबड वाटतो, परंतु तांत्रिक दृष्ट्या तो सर्वांत मोलाचा होय.

कारण असे. सीडीसाठी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर लागतो, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा. घरी वा स्टुडिओत लिहिलेल्या सीडीवरील रंगद्रव्य हे ६५० नॅनोमीटरचा प्रकाश पुरेसा परावर्तित करीत नाही. म्हणून सुरुवातीचे कित्येक डीव्हीडी प्लेअर छापील सीडी वाचत, पण लिहिलेली सीडी नाकारत. महागड्या प्लेअरने लग्नाची सीडी बाहेर फेकावी आणि शेजारच्या असेंबल्ड प्लेअरने ती निमूट चालवावी, याचे स्पष्टीकरण दोन लेसर असण्या-नसण्यात आहे. ओरखड्यांबाबतही तसेच. व्हीसीडीवर अधिक चित्र बसावे म्हणून चुकादुरुस्तीचा एक थर वगळलेला असतो. संगणकाच्या सीडीत प्रत्येक विभागात २०४८ बाइट माहिती, तर व्हीसीडीत २३२४. त्यामुळे घासलेली व्हीसीडी सांभाळून घेणे ही प्लेअरची खरी कसोटी होती आणि ती मालकाच्याच घरी होत असे.

टिकाऊपणाच्या मतांतही एक सावधगिरी हवी. ज्याचा प्लेअर सहा महिन्यांत बिघडला त्याने तो विकून दुसरा घेतलेला असतो. ‘तुमचा प्लेअर कसा आहे?’ या प्रश्नाला तो नव्याविषयी उत्तर देतो. आणि नवा प्लेअर सर्वांनाच आवडतो. १९५७ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात नव्याने मोटार घेतलेले लोक स्वतःच्या मोटारीच्या जाहिराती अधिक वाचतात, विचारात घेऊन नाकारलेल्या मोटारींच्या कमी, असे आढळले होते. घेतलेला निर्णय बरोबर होता, याची खातरजमा माणूस खरेदीनंतर करू लागतो. दिवाळीत घेतलेल्या प्लेअरविषयी कार्तिकात दिलेले मत याच जातीचे असते.

कायदा आणि प्रश्नावली

शासनाने या दर्जाची हमी घेतलेली नव्हती. २०१२च्या सक्तीच्या नोंदणीविषयक आदेशात डिस्क प्लेअरचा समावेश झाला, पण तो २०० वॅट वा अधिक शक्तीच्या, अंतर्गत अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या प्लेअरपुरता. आणि तेथेही मानक विद्युत सुरक्षिततेचे. चित्र कसे दिसावे, आवाज कसा यावा, हा त्याचा विषय नव्हता. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, आणि २०२० साली अमलात आलेल्या नव्या कायद्यातही, ‘दोष’ म्हणजे कायद्याने, कराराने वा विक्रेत्याच्या दाव्याने अपेक्षित असलेल्या दर्जातील उणीव. ‘चित्र बरे वाटत नाही’ हे या व्याख्येत बसत नाही. ‘खोक्यावर लिहिल्याप्रमाणे लिहिलेली सीडी वाचत नाही’ हे बसते. चाचणीवाचून दोष ठरविता येत नसेल तेथे वस्तू प्रयोगशाळेत पाठविण्याची तरतूद दोन्ही कायद्यांत आहे. तक्रार कशाविषयी आहे हे मालकाला नेमके सांगता येणे, म्हणून, व्यवहारातही मोलाचे ठरते.

महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी ज्या प्रश्नावल्या वाटल्या जातात, त्यांत ‘आपल्या उपकरणाचा दर्जा : उत्कृष्ट / चांगला / मध्यम / निकृष्ट / अतिनिकृष्ट’ असा प्रश्न हमखास असतो. पुढे शेकडेवारी काढली जाते आणि वर्तुळालेख रंगविला जातो. योगायोग असा की, दूरचित्रवाणीच्या चित्राचे मूल्यमापन करण्यासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने शिफारस केलेल्या बीटी ५०० या पद्धतीतही अशीच पाच पायऱ्यांची मोजपट्टी आहे. भेद एवढाच की, तेथे पडदा, खोलीतला उजेड, बसण्याचे अंतर आणि दाखवायचे चित्र आधी निश्चित केले जाते आणि किमान पंधरा निरीक्षक घेतले जातात. बाकी सारे स्थिर ठेवल्यामुळे तेथील ‘चांगला’ हा शब्द एकाच कडीविषयी बोलतो. प्रश्नावलीतील ‘चांगला’ हा शब्द कशाविषयी बोलतो ते उत्तर देणाऱ्यालाही सांगता येणार नाही. टीव्ही केवढा, कोणती पिन, तबकडी छापील की लिहिलेली, किती अंतरावरून पाहता, प्लेअर किती वर्षांचा, एवढे पाच प्रश्न जोडले तरी तीच प्रश्नावली अभ्यासयोग्य होईल.

लग्नाच्या तबकड्या

या साऱ्या विवेचनाला आज निकड आहे ती एका कारणाने. रबाळे, गोठिवली, तळवली, घणसोली या गावठाणांतील आगरी-कोळी कुटुंबांत २०००च्या दशकातील लग्नांचे चित्रण व्हीसीडी-डीव्हीडीवरच राहिले. आगरी लग्नात धवले गाणाऱ्या धवलारणीला पुरोहिताइतके महत्त्व असे. हळदीपासून पुढच्या एकेक विधीला तिची गाणी ठरलेली असत. ती तोंडी परंपरेने आली आणि अनेक गायिकांबरोबर गेली. एखाद्या विशिष्ट धवलारणीचा आवाज आज ऐकावयाचा असेल, तर तो कोणाच्या तरी घरच्या लग्नाच्या सीडीतच सापडण्याचा संभव आहे.

या सीड्या नव्या टीव्हीवर लावल्या की चित्र धुरकट दिसते, त्याची कारणे वर आलीच आहेत. ‘दर्जा खराब’ असा शेरा बसतो आणि घर आवरताना तबकडी प्लेअरसकट भंगारात जाते. परंतु व्हीसीडीचा ध्वनी तिच्या चित्रासारखा दरिद्री नाही. तो ४४.१ किलोहर्ट्झवर, दोन वाहिन्यांत, सेकंदाला २२४ किलोबिट या प्रमाणात नोंदलेला असतो आणि मानवी कंठासाठी तो पुरून उरतो. कॅमेऱ्याचा मायक्रोफोन गाणारीपासून फार दूर नसेल, तर शब्द आणि चाल दोन्ही टिपून घेता येतील इतका तो स्पष्ट असतो. चित्रावरून दिलेला निकाल येथे ध्वनीला भोवतो.

अर्थात प्रत्येक तबकडीत हा ठेवा असेलच असे नाही. स्टुडिओवाले संकलन करताना मूळ आवाज पुसून त्यावर चित्रपटगीते चढवीत आणि यजमानांना ते आवडतही असे. एखाद्या सीडीत हळदीचा विधी चालू असताना पार्श्वभूमीला तत्कालीन लोकप्रिय गीत वाजत असेल, तर त्या भागातील धवले कायमचे गेले असे समजावे. क्वचित स्टुडिओकडे मूळ कॅसेट शिल्लक असते. काडेपेटीहून थोडी मोठी मिनी-डीव्ही फीत दिसल्यास ती सर्वप्रथम ताब्यात घ्यावी, कारण तिच्यावरचे चित्र सेकंदाला २५ मेगाबिटचे, म्हणजे व्हीसीडीच्या वीसपटीहून अधिक माहितीचे असते.

लिहिलेल्या तबकडीतील रंगद्रव्य उष्णतेने व उजेडाने बिघडते आणि बिघाड चुकादुरुस्तीच्या मर्यादेपलीकडे गेला की चित्र-ध्वनी एकदमच जातो, आधी फिका पडून सूचना देत नाही. म्हणून नक्कल करावयाची तर आज चालणाऱ्या तबकडीचीच. ती संगणकात घालून व्हीसीडीवरील ‘एमपेगएव्ही’ किंवा डीव्हीडीवरील ‘व्हिडिओ टीएस’ या फोल्डरातील फाइली जशाच्या तशा उतरवाव्यात. ‘दर्जा सुधारण्या’साठी त्यांचे नव्या प्रकारात रूपांतर करून मूळ फाइल पुसू नये, कारण प्रत्येक रूपांतरात काही माहिती गळते. सोबत लग्नाचे साल, गाव आणि गाणाऱ्या बाईंचे नाव घरच्यांना विचारून लिहून ठेवावे, ते तबकडीवर कोठेही नोंदलेले नसते. संगणकाने तबकडी नाकारली, तर मात्र प्लेअरलाच शरण जावे लागते : त्याच्या पिनांतून येणारे चित्र व ध्वनी संगणकावर टिपून घेणे एवढाच मार्ग उरतो. अशा वेळी कंपनीचे नाव पाहू नये. ज्याच्याविषयी शेजारपाजारी ‘काहीही टाका, वाचतो’ असे म्हणत, तो जुना असेंबल्ड प्लेअर कोणाच्या माळ्यावर अजून आहे का, याची चौकशी करावी.